जुन्या गोव्याला अर्धा दिवस द्या

प्रति,
गोवा दर्शनाच्या सहली काढणारे सर्व संयोजक, बसमधले व्यवस्थापक आणि वाटाडे
(पुणे, कोल्हापूर, सांगली, नाशिक, मुंबई आणि जिथून जिथून ही बस सुटते तिथले)

विषय : जुन्या गोव्यातला घाईचा थांबा

सप्रेम नमस्कार.

मी वसईची. घरात मराठी, धर्माने कॅथलिक, नोकरी केली ती शाळेत इतिहास शिकवण्याची. आमच्याकडे जुन्या गोव्याला जायचं म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या पायाशी जायचं. करमळी स्टेशनवर उतरायचं आणि तिथून बॉम जेझूची बासिलिका, म्हणजे त्याचे अवशेष जिथे ठेवले आहेत ते मोठं चर्च, गाठायची, ही वाट माझ्या आजीची होती, आईची होती, आता माझी आहे. त्या वाटेवर दरवेळी तुमच्या बस दिसतात. त्यातून उतरणारी माणसं माझ्याच भाषेतली असतात, म्हणून हे पत्र.

तुमच्या पत्रकातला दक्षिण गोव्याचा दिवस मला पाठ झाला आहे. सकाळी मंगेशी, शांतादुर्गा. मग ‘जुने गोवे चर्च’. मग मिरामार, दोनापावला, आणि संध्याकाळी मांडवीतली बोट. बोटीची वेळ चुकायला नको म्हणून कात्री लागते ती जुन्या गोव्याच्या थांब्याला. बस लागते, शिट्टी वाजते, सगळे बॉम जेझूत शिरतात, मान वर करून झेवियरची चांदीची पेटी बघतात, समोरच्या से कॅथेड्रलच्या हिरवळीवर फोटो काढतात आणि परत बसमध्ये. टेकडीवर कुणीच जात नाही. टेकडीवर काही आहे हेही त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

माझं मागणं एवढंच आहे : या गावाला अर्धा दिवस द्या, तो सकाळचा असू द्या, आणि तिथे जे सांगाल ते खरं सांगा.

आधी खऱ्याखोट्याचं सांगते, कारण तिथे माझा जीव जास्त तुटतो.

एका गर्दीच्या दिवशी मी समाधीजवळच्या बाकावर बसले होते. मराठी सहलीचा एक गट आला. पुढे वाटाड्या, मागे माणसं. त्यात नऊवारीतल्या एक आजी होत्या. त्यांनी दाराबाहेर चपला काढल्या होत्या, खरं तर चर्चमध्ये तशी रीत नाही, पण त्यांना देवाच्या घरी चपला घालून जाववेना. पदर सावरून, हात जोडून त्या वर बघत उभ्या राहिल्या. आणि वाटाड्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होता, की आत ममी आहे, तिची नखं अजून वाढतात आणि दर दहा वर्षांनी पेटी उघडून ती कापतात. पोरं खिदळली. आजींनी जोडलेले हात तसेच ठेवले, पण चेहऱ्यावर गोंधळ स्पष्ट दिसत होता. आपण नमस्कार कशाला केला, हेच त्यांना कळेनासं झालं असावं.

तिथे ममी नाही आणि नखंही वाढत नाहीत. फ्रान्सिस झेवियर हा आजच्या स्पेनमधल्या नावार प्रांतातला माणूस, जन्म १५०६ चा. येशूसंघाच्या, म्हणजे जेझुइट साधूंच्या संघाच्या, पहिल्या सोबत्यांपैकी एक. १५४२ मध्ये गोव्यात उतरला, पुढे मलाक्का, मोलुक्का बेटं, जपान असा फिरला, आणि चीनमध्ये शिरण्याची वाट बघत असताना ३ डिसेंबर १५५२ रोजी किनाऱ्यालगतच्या शांगच्वान बेटावर वारला. तिथे त्याला चुन्यात पुरलं होतं. काही महिन्यांनी देह हलवायला खड्डा उघडला, तर तो कुजलेला नव्हता. तो आधी मलाक्काला आणि १५५४ मध्ये गोव्याला आणला. भाविकांनी याला चमत्कार मानलं, आम्ही आजही मानतो. ज्याला मानायचं नसेल त्याने मानू नये. पण आज पेटीत आहेत ते सुकलेले पवित्र अवशेष आहेत. उजव्या हाताचा कोपराखालचा भाग १६१४ मध्ये रोमला नेला, तो तिथल्या येशूसंघाच्या चर्चमध्ये आहे. एवढं सांगितलं तरी माणसं कान देऊन ऐकतात. नखांची गरज पडत नाही.

आणि लोकांच्या दर्शनासाठी पेटी खाली आणण्याची प्रथा सुरू कशी झाली तेही सांगा. १७५९ मध्ये पोर्तुगालच्या सरकारने येशूसंघाच्या लोकांना हाकललं. त्यानंतर गोव्यात अशी आवई उठली की जाताना त्यांनी संताचा देह पळवला आणि पेटीत भलतंच काही ठेवलं. लोकांची खात्री पटावी म्हणून १७८२ मध्ये देह सर्वांसमोर ठेवला गेला. पहिलं जाहीर प्रदर्शन ते. म्हणजे हा सोहळा जन्मालाच आला तो एक अफवा मोडण्यासाठी. अलीकडचा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असा झाला. पेटी मिरवणुकीने से कॅथेड्रलमध्ये नेली होती आणि दर्शनाच्या रांगेत सगळ्या धर्मांची माणसं उभी होती.

पेटी चांदीची आहे आणि ती १६३६-३७ मध्ये गोव्यातल्याच कारागिरांनी घडवली. तिच्या पत्र्यांवर संताच्या आयुष्यातले प्रसंग ठोकून काढले आहेत. ती ज्या उंच समाधीवर ठेवली आहे, ती मात्र दूरच्या फ्लॉरेन्सची. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो दे मेदिची याने ती भेट म्हणून पाठवली, शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी. घडवायला दहा वर्षं लागली आणि १६९८ मध्ये ती इथे जोडून उभी केली. चौथऱ्याच्या चारी बाजूंना ब्राँझच्या चार पाट्या आहेत. सगळे वर पेटीकडे बघतात, म्हणून या पाट्या कुणाला दिसतच नाहीत. तुमच्या माणसांना पाच मिनिटं तिथे थांबवा आणि एक एक पाटी बघायला सांगा. खाली इटलीचा संगमरवर आणि वर गोव्याच्या सोनारांचं काम, हे दोन्ही एकाच नजरेत येतं अशी जागा मला तरी दुसरी ठाऊक नाही.

बाहेर आल्यावर दर्शनी भिंतीसमोर उभं राहा. या चर्चचा पाया १५९४ मध्ये घातला, १६०५ मध्ये ते अभिषेक होऊन खुलं झालं. भिंत जांभ्याची, तांबडी. पण खांब, कमानी आणि वरच्या कोरीव कामाचा दगड काळा आहे, बेसाल्ट. तो वसईहून समुद्रमार्गे आणला असं सांगतात. मी वसईची असल्याने तिथे माझा पाय जरा जास्त रेंगाळतो, हे मान्य. पण महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हे सांगितलं की त्याचाही हात आपोआप त्या दगडाकडे जातो.

जांभ्याला मात्र हात लावू देऊ नका. ही भिंत मुळात उघडी नव्हती. तिच्यावर चुन्याचा गिलावा होता, से कॅथेड्रलसारखी तीही पांढरी होती. १९५० च्या दशकात एका पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाने गिलावा काढून टाकला, दगड जुना दिसावा म्हणून. जांभा मऊ आणि सच्छिद्र. तेव्हापासून गोव्याचा पावसाळा त्या भिंतीला थेट झोडपतो आहे. जवळून बघितलं तर पृष्ठभाग मधाच्या पोळ्यासारखा पोखरलेला दिसतो, सांध्यांत शेवाळ, कडा भुसभुशीत. गिलावा परत करावा की नाही यावर जाणकारांची भांडणं चालू आहेत, त्यात मी पडत नाही. पण तिथे टेकून, पाय लावून फोटो काढणारी, किल्लीने नाव कोरणारी माणसं मी बघितली आहेत. त्यांना अडवणं तुमच्या हातात आहे. बस थांबायच्या आधी माइकवर एक वाक्य बोललात तरी पुरे.

आता टेकडी. तिला मोंती सांतो म्हणतात, पवित्र टेकडी. बॉम जेझूपासून चालत दहा-बारा मिनिटं, चढ फारसा नाही.

जुनं गोवं हे नुसतं चर्चचं गाव नव्हतं, ते मठांचं गाव होतं. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन, येशूसंघी, थिएटिन, ख्रिस्ती साधूंच्या या प्रत्येक संघाचा इथे मठ होता. बॉम जेझूला लागून असलेली जांभ्याची मोठी इमारत येशूसंघाच्या लोकांचं निवासस्थान होती. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चला लागून फ्रान्सिस्कनांचा मठ आहे, तिथे १९६४ पासून पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय चालतं. युनेस्कोने १९८६ मध्ये जागतिक वारसा म्हणून जी नोंद केली तीही ‘गोव्यातील चर्च आणि कॉन्व्हेंट’ अशीच. तुमच्या पत्रकात मठाचं नावसुद्धा नाही.

टेकडीवर सेंट ऑगस्टिनचा मनोरा आहे. मनोरा म्हणजे त्याचा उरलेला उभा अर्धा भाग, सुमारे ४६ मीटर उंच, आभाळात एकटा. ऑगस्टिनियन १५७२ मध्ये गोव्यात आले. हे चर्च १६०२ मध्ये पुरं झालं. १८३५ मध्ये धर्मसंघांवर बंदी आली, मठ रिकामा झाला, आणि छपराकडे बघायला कुणी उरलं नाही. १८४२ मध्ये गाभ्यावरचा घुमट कोसळला. दर्शनी भाग १९३१ मध्ये पडला. इथली मोठी घंटा १८७१ मध्ये पणजीच्या चर्चमध्ये नेली. पणजीत पायऱ्यांच्या त्या पांढऱ्या चर्चसमोर तुमचे सगळे प्रवासी फोटो काढतात, तिथे वर टांगलेली घंटा ही.

अवशेषांत शिरलात की पायाखाली थडग्यांच्या फरशा लागतात. कुळचिन्हं, कवट्या, पोर्तुगीज अक्षरं. कडेच्या वेद्यांच्या भिंतींवर निळ्या-पिवळ्या टाइल्सचे तुकडे अजून चिकटून आहेत. आणि इथे एक गोष्ट सांगायची आहे, जी ऐकून शाळेतली पोरं मोबाइल खिशात घालतात.

जॉर्जिया देशातल्या काखेतीची राणी केतेवान. इराणच्या शाह अब्बासने तिला वर्षानुवर्षं कैदेत ठेवलं, धर्म सोड म्हणून दडपण आणलं. तिने नकार दिला. १६२४ मध्ये शिराझला हाल हाल करून तिला मारलं. तिथे असलेल्या ऑगस्टिनियन साधूंनी तिचे अवशेष मिळवले आणि १६२७ मध्ये त्यातला काही भाग गोव्याच्या या मठात आणला. पोर्तुगीज कागदांत नोंद होती : मठाच्या सभागृहात, दुसऱ्या खिडकीजवळ, काळ्या दगडाच्या पेटीत. पण सभागृह कुठलं आणि खिडकी कुठली, सगळा ढिगारा झालेला. पुरातत्त्व खात्याने ढिगारा उपसत, मठाचा आराखडा जुळवत अखेर ती खिडकी शोधली आणि २००४ च्या सुमारास हाताचं हाड सापडलं. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत डीएनए तपासणी झाली. २०२१ मध्ये भारत सरकारने ते अवशेष जॉर्जियाला दिले. चारशे वर्षांनी राणी घरी पोचली. ज्या जागी हे घडलं तिथे तुमची बस दहा मिनिटांच्या अंतरावर उभी असते, इंजिन चालू ठेवून.

मनोऱ्यासमोर सांता मोनिकाचा मठ. आशिया खंडातल्या अगदी पहिल्या जोगिणींच्या (नन्सच्या) मठांपैकी हा. १६०६ मध्ये बांधायला घेतला, १६२७ मध्ये झाला, १६३६ मध्ये जळाला, पुढच्याच वर्षी परत उभा राहायला लागला. तीन मजले, भिंतींना बाहेरून दगडी टेकू, बघताना किल्ल्याची आठवण होते. बंदी आल्यावर नवीन मुलींना प्रवेश बंद झाला, पण आत होत्या त्यांना राहू दिलं. एकेक करत त्या म्हाताऱ्या झाल्या, आणि शेवटची जोगीण १८८५ मध्ये वारली. पन्नास वर्षं कमी कमी होत जाणाऱ्या त्या प्रार्थनेच्या घराबद्दल तुमच्या बसमधल्या बायकांना सांगून बघा. प्रश्न विचारतात त्या, मी अनुभवलं आहे. आता तिथे ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. हस्तिदंती बाळयेशू, चांदीची पात्रं, आणि त्यांवर आपल्याकडच्या नक्षीतली कमळं, पोपट, वेली. बनवणारे हात इथलेच होते, म्हणून.

टेकडीच्या टोकाला रोझरी मातेचं छोटं चर्च आहे. १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकेर्कने इथून शहराच्या लढाईवर नजर ठेवली असं मानतात. समोर मांडवी आणि पलीकडे दिवाडी बेट.

इथे उभं राहून जे सांगायला हवं ते सांगायची तुमच्यातल्या बऱ्याच जणांना भीती वाटते, मला माहीत आहे. गाडीत सगळ्या विचारांची माणसं असतात, उगाच वाद नको. मी कॅथलिक आहे, आणि मीच सांगते की हे टाळू नका. दिवाडीवर कदंब राजांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर होतं. पोर्तुगीज राजवटीत ते देऊळ मोडलं, देव नदीपलीकडे नार्वेला नेला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. सकाळी तुम्ही ज्या मंगेशाला अभिषेक केलात तो मूळचा कुठ्ठाळीचा. १५६० मध्ये भक्तांनी लिंग रातोरात नदीपार करून फोंड्यातल्या प्रियोळला आणलं, कारण फोंडा तेव्हा आदिलशाहीत होता, पोर्तुगिजांच्या हाताबाहेर. शांतादुर्गा तशीच केळशीहून कवळ्याला आली. त्याच १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय (इन्क्विझिशन), म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याच्या आरोपावरून शिक्षा करणारं न्यायालय, बसलं, ते मधली थोडी वर्षं सोडता १८१२ पर्यंत चाललं. त्याची इमारत से कॅथेड्रलजवळच्या चौकात होती. ते बसवावं असं पत्र खुद्द झेवियरने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिलं होतं. तो संत म्हणून माझ्या देव्हाऱ्यात आहे आणि हे पत्र इतिहासात आहे. दोन्ही मला सांगता आलं पाहिजे.

म्हणजे तुमची बस सकाळी मंगेशीला आणि दुपारी जुन्या गोव्याला जाते तेव्हा एकाच गोष्टीची दोन टोकं बघते. मंगेशी प्रियोळला का, हे जुन्या गोव्यात कळतं. सांगितलं नाही तर लोक गप्प राहत नाहीत. ते व्हॉट्सअॅपवर आलेलं अर्धवट काहीतरी एकमेकांना सांगतात, आणि मग बासिलिकेत मिस्सेला (प्रार्थनाविधीला) बसलेल्या गोव्याच्या साध्या म्हातारीकडे जणू तिनेच देऊळ पाडलं अशा नजरेने बघतात. हेही मी पाहिलं आहे.

आणि गोष्टीत हेही येऊ द्या : याच काळात, १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज येशूसंघी गोव्यात आला, दक्षिण गोव्यातल्या साष्टीत राहिला, मराठी शिकला आणि सुमारे ११ हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण मराठीत लिहिलं. ते १६१६ मध्ये साष्टीतल्याच रायतूरला छापलं, रोमन लिपीत. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये जुन्या गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात सुरू झाला होता. त्या कॉलेजची फक्त एक कमान आज उभी आहे. मराठी माणसाला एवढं दाखवायला लाजू नका.

वागण्याच्या दोन गोष्टी, थोडक्यात. रविवारी सकाळी मिस्सा चालू असतात, त्या वेळी गट आत घुसवू नका. बाहेर थांबा किंवा आधी टेकडीवर जाऊन या. आणि किनाऱ्यावरून ओल्या चड्डीत थेट आणू नका कुणाला. मंगेशीला नेताना तुम्ही हे बरोबर सांगता.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आलात तर अजून एक दिसेल. ३ डिसेंबरच्या सणाआधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची प्रार्थना, चालते. सिंधुदुर्गातून, बेळगावातून, कारवारकडून माणसं पायी येतात, रात्रीची चालत, पुढे क्रूस आणि तोंडात गाणी. गोव्यात झेवियरला ‘गोंयचो सायब’ म्हणतात, आणि येणाऱ्यांत हिंदूही पुष्कळ असतात. वारी बघितलेल्या माणसाला तिथे काही समजावून द्यावं लागत नाही.

वेळेचा हिशेबही मांडते, कारण तुमचा धंदा वेळेवर चालतो. सकाळी साडेआठला बस जुन्या गोव्यात लागली तर ऊन चढायच्या आत टेकडी होते. साडेदहाला खाली बॉम जेझू, मग से कॅथेड्रल, बाराला निघायचं. दुपारी फोंड्याकडे मंगेशी, शांतादुर्गा, देवळाजवळच जेवण. संध्याकाळची बोट मिळते. दोनापावला जाईल, आणि जाऊ द्या.

बसमध्ये माइकवर वाचता येईल असं चार पानांचं मराठी टिपण मी तयार केलं आहे. त्यात मंगेशी ते मोंती सांतो सगळं येतं, वाचायला पंचवीस मिनिटं लागतात. ज्यांना हवं असेल त्यांनी या पत्राखाली कळवावं, मी विनामूल्य पाठवते. दिवाळीच्या सुट्टीची पत्रकं छापायला जाण्याआधी कळवलंत तर वेळापत्रकातला बदलही त्यात घालता येईल.

आपली,
वसईची एक निवृत्त शिक्षिका